दाराला दोन सूत

आमचं पुढचं दार अडतं, ही गोष्ट मी कधी कुणापासून लपवून ठेवलेली नाही. कडी धरून दार किंचित वर उचलायचं, खाली गुडघा लावायचा, श्वास रोखायचा आणि मनात कुणाचा तरी राग आणून खांदा मारायचा, की उघडतं. मी बहुतेक वेळा माझ्या ऑफिसातल्या साहेबांचा राग आणतो. बायको कुणाचा आणते ते मी विचारलेलं नाही, पण तिच्या हातून दार माझ्यापेक्षा लवकर उघडतं.

या दाराला खालून दोन सूत रंधा मारून घ्यावा, एवढीच माझी इच्छा होती. दोन सूत म्हणजे करंगळीच्या नखाएवढं लाकूड. तेवढ्यासाठी माणसाचं आयुष्य ढवळून निघू शकतं हे मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला घरात बोलावून चहा दिला असता. अर्थात दार उघडलं असतं तर.

निमित्त होतं आईचं. बाबा गेल्यापासून ती माझ्या मोठ्या भावाकडे, म्हणजे दादाकडे राहायला गेली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आल्या आल्या तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "आता मला माझ्या घरी न्या." दादाने फोनवर सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, वॉकर घेऊन सपाटीवर चालायचं. पायऱ्या अजिबात नाहीत." आमच्या मागच्या दाराला मोरीजवळून उभ्याच्या उभ्या पायऱ्या आहेत. पुढचं दार मात्र अंगणाच्या पातळीत. म्हणजे आई येणार ती पुढूनच, आणि आजारातून उठलेल्या बाईला कडी उचला, श्वास रोखा आणि कुणाचा तरी राग आणा असं सांगता येत नाही. उघडं ठेवावं म्हटलं तर अर्ध्यात रुतून बसतं, वॉकर काही जात नाही. म्हणून मी सुताराला बोलावलं.

सुतार आला, अंगणात पिशवी ठेवली, रंधा बाहेर काढला आणि नेमका त्याच वेळी समोरच्या दुकानातून टेलर बाहेर आला.

"काय चाललंय?" तो तिथूनच ओरडला.

"काही नाही हो, दाराला जरा रंधा मारतोय."

टेलरच्या हातातली कात्री खाली पडली. मी अतिशयोक्ती करत नाही, तिच्यामुळे त्याच्या चपलेचा पट्टा तुटला आणि तो तसाच एका पायाने धावत आला. "खबरदार! कुठल्या दाराला रंधा लावताय, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. आणि इथेच मला वाचकांना ती मालिका सांगायला हवी. आमच्या गावात 'मालिका' म्हटलं की एकच. फार पूर्वी टीव्हीवर एका छोट्या गावाची विनोदी मालिका लागायची आणि तिचा एक भाग आमच्याकडे येऊन चित्रित झाला होता. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी होतो, त्यामुळे गावातली कुत्री-मांजरं त्या भागात आहेत, फक्त मी नाही. भागाची गोष्ट अशी : जन्माचं वैर असलेले दोन शेजारी काही कारणाने एका खोलीत येतात, दार अडतं आणि दोघं आत अडकतात. सगळं गाव बाहेर जमतं, ढकलतं, सल्ले देतं, आपापसांत भांडतं. शेवटी दार उघडतं तेव्हा आतले दोघं मांडीला मांडी लावून बसलेले असतात आणि म्हणतात, "लावून घ्या हो दार, वारा येतोय." ते दार म्हणजे आमचं दार. बाबांनी हे घर तेव्हा नुकतंच बांधलं होतं, मी ते पाहिलं तेच अडणाऱ्या दारासकट. गावात या भागाला 'दाराचा भाग' म्हणतात. दार ढकलणाऱ्या गर्दीत टेलरची पाठ दिसते. त्या पाठीवर तो गेली कित्येक वर्षं जगतोय.

"हे दार अडायचं थांबलं तर ते दार राहील का?" टेलरने मला विचारलं.

"दारच राहील," मी म्हणालो. "आत्ता ती भिंत आहे."

माझं हे उत्तर मला फार आवडलं होतं. पण तोवर गल्ली जमली होती आणि आमच्या गल्लीत चांगल्या वाक्याला किंमत नाही. कुणी म्हणालं रंध्यापेक्षा बिजागऱ्या बदला, कुणी म्हणालं बिजागऱ्यांना हात लावू नका, घरच बदला. एका गृहस्थांनी आई खिडकीतून आली तर काय बिघडलं असं विचारलं. ते माझ्या ओळखीचेही नव्हते, सायकलवरून जाता जाता थांबले होते. सुताराने रंधा पिशवीत ठेवला आणि तो म्हणाला, "तुमचं ठरलं की कळवा." सुतार हा प्राणी एकदा गेला की पुन्हा कधी दिसतो, हे घर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्याच संध्याकाळी हेडबाई आल्या. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि गावाच्या सांस्कृतिक समितीच्या अध्यक्षा. समितीत त्यांच्याशिवाय टेलर आहे. त्या दारापाशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "उभा राहा नीट." मी पन्नाशीला आलोय. तरी नीट उभा राहिलो.

"आईला घरी आणायचंय बाई," मी म्हणालो.

"आई सगळ्यांनाच असते," त्या म्हणाल्या. "असं दार कुणाकडे आहे?"

त्यांनी नगरपालिकेला कळवलं आणि आश्चर्य म्हणजे नगरपालिकेने लगेच लक्ष घातलं. माझ्या घरासमोरच्या फुटक्या गटाराबद्दल मी जो पत्रव्यवहार करतोय तो अजून त्यांच्या वाचनात आलेला नाही. पण दार म्हटल्यावर पाहणी अधिकारी स्वतः आले. तरुण, सडपातळ, गळ्यात ओळखपत्र. ते आले तेव्हा मी ऑफिसात होतो आणि बायको आतून दार ओढत होती. त्यांनी बाहेरून ढकललं, हिने आतून ओढलं, दोघांनी एकमेकांना धीर दिला आणि शेवटी ते हरले. जाता जाता त्यांनी पाहणीत नोंद केली : दाराची सद्यःस्थिती, बंद.

काही दिवसांनी आदेश आला. सदर दार गावाचा ठेवा असल्याने ते आहे त्या स्थितीत जतन करण्यात यावे. स्थिती बंद होती. म्हणजे ते बंद ठेवण्यात यावे.

मी नगरपालिकेत गेलो. जतन विभाग जिन्याखाली आहे. तिथे एक टेबल, एक पंखा आणि पाहणी अधिकारी एवढंच मावतं, त्यामुळे तक्रार करणाऱ्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बोलावं लागतं आणि वरून येणारा प्रत्येक माणूस त्याला "जरा सरका" म्हणतो.

"अहो, ते घराचं दार आहे," मी म्हणालो. "उघडतं ते. जोर लावला की."

"पाहणीच्या वेळी उघडलं नाही."

"मग परत पाहणी करा."

"करू की. पण फेरपाहणी आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडून करावी लागते. आत कसं येऊ?"

"मागच्या दाराने या."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "काका, नकाशात तुमच्या घराचा प्रवेश पुढून आहे. शासकीय माणूस मागच्या दाराने कसा शिरेल? लोक काय म्हणतील?"

मुलगा वाईट नव्हता. त्याने मला पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. त्याच्या डोक्यात काही चुकीचं नव्हतं, फक्त त्यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला धरून बसली होती. "जरा सरका," वरून कुणीतरी म्हणालं आणि मी सरकलो.

त्यानंतर आम्ही माझ्याच घरात मागच्या दाराने जाऊ लागलो. पुढे दोरी बांधली गेली आणि पाटी लावण्याचं ठरलं. दार पाहायला लोक येऊ लागले. शाळेच्या सहली आल्या. टेलरने शिलाईयंत्रावर कापड टाकलं आणि तो दिवसभर अंगणात उभा राहून माहिती सांगू लागला. "ही माझी पाठ इथे होती," असं म्हणून तो दाराकडे तोंड करून उभा राहायचा आणि लोक त्याच्या पाठीचे फोटो काढायचे. एकदा मी खिडकीतून डोकावलो तेव्हा तो म्हणत होता, "आतमध्ये मूळ मालकांचा मुलगा राहतो. दिवसा दिसत नाही." एक बाई मला म्हणाल्या, "काका, जरा आत व्हा ना, फोटोत येताय." मी आत झालो. स्वतःच्या खिडकीतून, स्वतःच्या घरात, आत झालो. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला अपमान म्हणतात आणि ते मी इथे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो.

आणि रोज संध्याकाळी आईचा फोन. "सगळं ठीक ना रे?" "एकदम ठीक." "मग मला कधी नेतोस?" मी तिला दाराचं काही सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला काळजी लावू नये असं दादाचं म्हणणं, आणि सांगितलं असतं तरी कुठून सुरुवात करणार होतो? एकदा ती म्हणाली, "तुला नको असेन तर तसं सांग बाबा. मी राहते इथेच." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ मोरीजवळच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. बायको आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "आता कुणाला विचारू नका. करून टाका."

संधी चालून आली. जुन्या मालिका पुन्हा दाखवण्याची टूम निघाली होती आणि रविवारी दुपारी दाराचा भाग लागणार होता. त्या अर्ध्या तासात आमच्या गावातून हत्ती नेला असता तरी कुणी वर पाहिलं नसतं. मी सुताराकडून पटाशी आणि हातोडी मागून आणली होती. भागाचं गाणं घराघरातून ऐकू येऊ लागलं तसा मी आतल्या बाजूने दारापाशी पालथा पडलो आणि तळाशी पटाशी लावली. बायकोने बॅटरी धरली.

पहिला घाव घातला तर पटाशी खण्णकन कशावर तरी आपटली. दुसरा घातला, पुन्हा खण्ण. "लोखंड आहे का काय?" बायको म्हणाली. "जुन्या लाकडात अशा गाठी असतात," मी माहिती दिली. मला लाकडाबद्दल काहीही माहीत नाही. पण हातात हातोडी असली की माणूस आत्मविश्वासाने बोलतो.

मी ठोकत राहिलो. भाग संपला हे माझ्या लक्षात आलं नाही. भाग संपल्या संपल्या सगळं गाव उत्साहाच्या भरात दार पाहायला निघेल हेही नाही. एकाएकी दाराबाहेर खूप चपला वाजल्या आणि मग टेलरचा आवाज आला.

"आत कोण आहे?"

"मी," मी जमिनीवरून म्हणालो. "इथे राहतो मी."

"काय ठोकताय?"

इथे बायकोने प्रसंगावधान दाखवलं. "डोकं!" ती ओरडली. "ते डोकं आपटून घेताहेत!" यावर बाहेरच्या लोकांचा चटकन विश्वास बसला. याचा विचार मी अजून करतोय.

पण हेडबाईंना शंका आलीच. पाटीचा समारंभ लांबणीवर न टाकता येत्या रविवारीच उरकायचा असं त्यांनी जाहीर केलं. पाटी लागली की मग कुणाची हिंमत होणार नाही. आणि त्याच रात्री दादाचा फोन आला. "आई ऐकत नाहीये. जेवण सोडीन म्हणते. येत्या रविवारी तिला घेऊन येतोय." मी काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला. थोरले भाऊ फोन असेच ठेवतात.

रविवारी आमच्या अंगणात मांडव नव्हता एवढंच. खुर्च्या होत्या, माइक होता, पाटीवर पडदा होता, पाहणी अधिकारी इस्त्रीच्या शर्टात होते. मी यजमान असल्याने मला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. मी हेडबाईंना आई येत असल्याचं सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गडबडल्या. शेवटी बाईही कुणाची तरी मुलगीच आहेत. तातडीने सभा भरली. टेलरने खिडकीला टेप लावून माप घेतलं आणि विचारलं, "आईंची कंबर अंदाजे किती? अर्धा इंच सैल धरतो." पाहणी अधिकाऱ्यांनी एक दिवसाची विशेष परवानगी सुचवली, पण ती सोमवारीच मिळू शकत होती. सुतारही आला होता. सुतार न बोलावता कधी येत नाही, पण समारंभ म्हटल्यावर आला, तोही पिशवी घेऊन.

तेवढ्यात गाडी थांबली.

आई उतरली. वॉकर टेकला. तिने खुर्च्या पाहिल्या, माइक पाहिला, दोरी पाहिली. "हे सगळं माझ्यासाठी?" ती मला म्हणाली. "कशाला रे एवढं?"

मला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाने अंगणात रडू नये, पण आलं. "आई, दार उघडत नाही," मी म्हणालो. "आणि उघडू देत नाहीत." मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. टेलर मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होता.

आईने सगळं ऐकून घेतलं. ती दारापर्यंत चालत गेली. हेडबाईंनी स्वतः दोरी वर धरली. आईने वॉकरच्या टोकाने दाराच्या तळाशी टकटक केलं आणि विचारलं, "ती पट्टी काढली नाही का अजून कुणी?"

"कसली पट्टी?"

"अरे, दार कुठे अडत होतं आपलं? ते टीव्हीवाले आले, आणि दार अडायला पाहिजे म्हणाले. हे तर बोट लावलं की उघडायचं. मग त्यांच्या माणसाने आतून खाली एक लाकडाची पट्टी ठोकली, वरून दाराचाच रंग दिला. जाताना काढतो म्हणाले आणि घाईत तसेच गेले."

माइक चालू होता, त्यातून नुसती घरघर ऐकू येत होती.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुझे बाबा नको म्हणाले. गावाचा हिरमोड होईल म्हणाले."

सुतार पिशवी घेऊन मागच्या दाराने आत गेला. आतून ठोकल्याचा आवाज आला, मग खिळे निघताना होते तशी किंचाळी, मग काही नाही. "ढकला," आतून सुतार म्हणाला. आईने वॉकरवरचा एक हात काढला आणि बोटाने दार ढकललं. दार उघडलं. इतकं सहज उघडलं की आतल्या भिंतीवर जाऊन आपटलं आणि पाटीवरचा पडदा वाऱ्याने आपोआप खाली पडला. पाटीवर लिहिलं होतं, 'हेच ते न उघडणारे दार.'

आई आत गेली.

टेलर मटकन खुर्चीवर बसला. "म्हणजे मी ढकलत होतो ते..." मला त्याची मनापासून दया आली. हेडबाईंनी चष्मा पुसला. पाहणी अधिकारी मात्र उजळले. दाराची मूळ स्थिती उघडी होती, म्हणजे जतन आता खऱ्या अर्थाने झालं, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. पट्टी वाचनालयात काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं. टेलर आता तिथे उभा असतो.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. आई बाबांच्या खुर्चीत बसू लागली, दार बोटाने उघडू लागलं, माझा खांदा दुखायचा थांबला. पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आई दाराकडे बघत बसते. लोक तिला भेटायला येत, बोलत आणि "येतो हं" म्हणून उठत, की दुसऱ्या क्षणाला रस्त्यावर.

"किती पटकन जातात रे माणसं आता," ती म्हणाली. "पूर्वी पाहुणा उठला की दार अडायचं. हे ओढायला लागायचे, तो मदत करायचा, मी म्हणायचे बसा हो, चहा टाकते तोवर. परत बसायचे. परत तासभर गप्पा. तुझे बाबा तर मुद्दाम हळू ओढायचे." ती हसली. "गावाचा हिरमोड वगैरे काही नाही. त्यांना माणसं हवी असायची घरात."

मी वाचनालयात गेलो. पट्टी परत मिळणार नाही असं कळलं, ती आहे त्या स्थितीत जतन करायची आहे. मग मी सुताराकडे गेलो आणि तशीच एक नवी पट्टी ठोकून मागितली.

सुताराने हातातलं काम ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, एकदा काय ते ठरवून सांगा. दार उघडायला पाहिजे की नको?"

"येताना उघडायला पाहिजे," मी म्हणालो. "जाताना नको."